आधी मीटरपाशी, मग दुकानात: घरातली उपकरणं कोणत्या क्रमाने बदलावीत

वीज कमी खाणारी उपकरणं घ्यायची ठरली की माणसं आधी दुकान गाठतात. माझं सांगणं असं की आधी मीटरपाशी जा. सोबत एक स्टूल, वही-पेन आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या.

मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, आमच्याकडे 3200 आहे. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचाही प्लग काढा. आता दिवा थांबायला हवा. तरीही तो लुकलुकत राहिला तर कुठेतरी गळती आहे, बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा. दिवा थांबला असेल तर फक्त एक पंखा पाचवर लावा आणि 15 मिनिटं मोजत बसा. जो आकडा येईल त्याची सव्वापट म्हणजे त्या पंख्याचे वॅट. तुमच्या मीटरवर 1600 असेल तर अडीचपट करा.

आमच्या हॉलमधला पंखा 60 वेळा, म्हणजे 75 वॅट. शिलाईच्या खोलीतला, दोनदा वाइंडिंग करून आणलेला, 68 वेळा, म्हणजे 85 वॅट. हे कळायला मला वीस वर्षं लागली, कारण पंखा फिरतोय म्हणजे ठीकच आहे असं आपण धरून चालतो.

वॅट कळले की शेजारी तास लिहा. खरी मेख तासांत आहे. मिक्सर 500 वॅटचा असला तरी दिवसाला दहा मिनिटं चालतो. मी सोलापुरात घरी शाळांचे गणवेश शिवते. एप्रिल-मे म्हणजे आमचा हंगाम आणि तेव्हाच ऊन 43-44 अंशांवर. शिलाईच्या खोलीतला पंखा पहाटे सहाला लागतो, रात्री त्याच खोलीत सासूबाई झोपतात. दिवसाचे 18 तास धरा. तो काढून 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा लावला आणि रोजचं जवळजवळ एक युनिट वाचलं. एका पंख्यामागे!

एका युनिटचं काय एवढं, असं आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. सोलापूरच्या दक्षिणेला फताटेवाडीत 1320 मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प उभा आहे. माझा पंखा नेमका त्याच्यावर चालतो असं नाही, वीज सगळ्या ग्रीडमध्ये मिसळते. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पंखा वर्षाचे 300 दिवस चालला तर 300 युनिटं, म्हणजे 210 किलो. हे मी काकूंना वहीत लिहून दाखवलं. आता त्यांच्या हॉलमध्येही तसाच पंखा आहे.

जुन्या पंख्यातली बरीच वीज उष्णतेत जाते. पंखा बराच वेळ चालल्यावर बंद करून पुसायला चढा, मधला टोप हाताला गरम लागतो. बीएलडीसीच्या फिरणाऱ्या भागात कायमचे चुंबक असतात, त्यामुळे त्या भागात चुंबकत्व तयार करायला वीज जाळावी लागत नाही आणि टोप गार राहतो. घेताना स्टार लेबल बघा, जानेवारी 2023 पासून पंख्यांना ते सक्तीचं आहे. त्याबरोबर हवेचा आकडाही बघा. 1200 मिलिमीटरच्या पंख्याला मिनिटाला 210 घनमीटरपेक्षा कमी हवा असेल तर घेऊ नका. वारा लागत नाही म्हणून दुसरा पंखा जोडावा लागला तर काय मिळवलं?

बसवताना एक गोष्ट डोळ्यांसमोर करून घ्या: बोर्डातला जुना रेग्युलेटर काढून वायर थेट जोडायची. आमचा पहिला पंखा बसवणाऱ्याने रेग्युलेटर तसाच ठेवला. पंखा धक्के खात फिरायचा, रिमोट ऐकायचा नाही, आणि आठव्या दिवशी आतला सर्किट बोर्ड गेला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण ऐन हंगामात पाच दिवस घामात काढले. बिल आणि वॉरंटी कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. आणि घरी इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर तोच पंखा त्याच बॅटरीवर दुप्पट वेळ चालतो, हा फायदा मी हिशेबात धरलेलाच नव्हता.

दिव्यांचं थोडक्यात. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब 50 वॅटच्या पुढे जाते, एलईडी पट्टी 20 वॅटमध्ये तेवढाच उजेड देते. ज्या खोलीत जास्त वेळ दिवा जळतो तिथून सुरुवात करा, संडास-बाथरूमचा बल्ब शेवटी.

आता माझ्या धंद्यातलं, कारण ज्यांच्या घरी पॉवर मशीन आहे त्यांना हे कुणी सांगत नाही. जुन्या मशीनला क्लच मोटर असते. बटण दाबलं की ती घुमतच राहते, पाय पायड्यावर असो नसो. कॉलर जुळवताना, दोरा ओवताना, चहा पितानासुद्धा. मी शिलाई न करता नुसती मोटर चालू ठेवून दिवा मोजला: 15 मिनिटांत 120, म्हणजे 150 वॅट फुकट. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते. ती त्याच टेबलाखाली बसते, पण पट्ट्याची लांबी बदलू शकते, म्हणून जुना पट्टा मापाला दुकानात न्या. बसवल्यावर सुई काढून आधी फिरण्याची दिशा तपासा. दिशा उलटी असेल तर ती मोटरच्या सेटिंगमध्ये बदलते. वेगही मर्यादित करता येतो, नवीन मुलगी शिकायला आली की मी तो कमी करते. घरातली घुमघुम थांबली आणि सासूबाईंना दुपारी झोप लागू लागली.

फ्रिजला घाई करू नका. त्याचा कंप्रेसर मध्येच चालतो, मध्येच थांबतो, म्हणून 15 मिनिटांचं माप चालत नाही. आम्ही तुळजापूरला मुक्कामी गेलो तेव्हा घरात फक्त फ्रिज चालू ठेवला, निघताना आणि परतल्यावर मीटरचं रीडिंग लिहिलं. 24 तासांना 1.6 युनिट. आधी दाराचं रबर तपासा: दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला, त्याला काहीशे रुपये लागतात. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागची जाळी झाडा. हे सगळं करूनही आमचा फ्रिज खूप खात होता आणि दोनदा दुरुस्तीलाही गेला, तेव्हाच बदलला. नवा उन्हाळ्यात दिवसाला 0.7 खातो. म्हणजे फ्रिजने वाचवलं तेवढंच शिलाईच्या खोलीतल्या पंख्यानेही वाचवलं होतं, आणि पंखा 3,000 रुपयांच्या आसपास आला होता, फ्रिज त्याच्या कितीतरी पट.

फ्रिज घेताना तारे मोजू नका, लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा आणि लेबलचं साल वाचा. निकष कडक होत जातात, जुन्या सालचे पाच तारे आज पाच राहत नाहीत. आणि आत थंडावा देणारा गॅस कोणता ते विचारा. आर-600ए असलेला घ्या. हा गॅस ज्वालाग्राही आहे, म्हणून पुढे दुरुस्तीला प्रशिक्षित माणूसच बोलवा.

जुन्या फ्रिजच्या मागे कंप्रेसरजवळ पट्टी असते. आमच्यावर लिहिलं होतं: आर-134ए, 120 ग्रॅम. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे भंगारवाल्याने तांब्यासाठी नळी कापली की 170 किलोच्या बरोबरीचं प्रदूषण क्षणात हवेत. माझ्या पंख्याची सुमारे 240 दिवसांची कमाई एका कापात गेली असती. एसीत तर गॅस याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून नवा फ्रिज ठरवण्याआधी दुकानदाराला विचारा: जुना कुठे जाणार? एक्स्चेंजमधला फ्रिज रंगवून दुसऱ्या घरात गेला तर 1.6 युनिट चालूच राहतात, फक्त मीटर दुसऱ्याचं. आम्ही दोन दुकानं सोडली. तिसऱ्याने तो परवानाधारक ई-कचरा केंद्राकडे दिला आणि पावती आणून दिली. ती पावती मी वहीत चिकटवली आहे. जुन्या पंख्यांचं वाइंडिंग मात्र मी वायरमनला समोर बसवून कापून घेतलं आणि तांबं वजनावर विकलं.