जठराच्या कॅन्सरमध्ये रोबोटसाठी पेशंट कसा निवडावा

कळंबकडचे एक काका. दोन घास खाल्ले की पोट गच्च, चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरलेलं. मुलगा खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "सर, एकरभर रान विकतो, पण ऑपरेशन रोबोटच्या मशीननंच करा." मराठवाड्यात नव्यानं ओपीडी थाटलेल्या सर्जन मित्रांनो, हे तुमच्याही कानावर येणार. मशीनचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्या.

एन्डोस्कोपी, बायोप्सी, छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी आधी. गाठ स्वादुपिंडात घुसलेली असेल किंवा जठर फुटलं असेल, तर रोबोटचा विषयच नको. काकांचा सीटी स्वच्छ होता. पण गाठ भिंतीत खोल गेलेली, म्हणून आधी पोटाला छोटं छिद्र पाडून नुसती दुर्बीण घातली. डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) खाली ज्वारीच्या कण्यांसारखे पांढरे दाणे! एवढे बारीक दाणे सीटीत सुटतात. तुकडा घेतला, पोटात सलाईन फिरवून तेही तपासायला दिलं आणि टाके घालून बाहेर आलो. कॅन्सर पसरलेला निघाला, केमो सुरू केली. पूर्वी एकदा घाईत मी ही पायरी गाळली होती. रोबोट जोडल्यावर दाणे दिसले, तोवर त्या घरानं पैसे भरले होते. ते मला अजून टोचतं.

मग पेशंटची ताकद बघा. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) 3 ग्रॅम/डेसिलिटरच्या खाली असेल तर एक-दोन आठवडे पोषण द्या. अन्न उतरत नसेल तर नळीनं. तंबाखू, बिडी निदान चार आठवडे बंद. पोटात गॅस भरून तासन्‌तास ठेवायचं असतं, त्यामुळे दम्याच्या आणि हृदयाच्या पेशंटला भूलतज्ज्ञांनी स्वतः तपासल्याशिवाय तारीख देऊ नका.

रोबोटचा खरा उपयोग स्वादुपिंडाच्या वरच्या कडेनं लसिकाग्रंथी काढताना होतो. तिथं रोबोटच्या हत्याराचं वळणारं मनगट कामी येतं. लवकर सापडलेली किंवा केमोनं आटलेली, जठराच्या खालच्या भागातली गाठ सुरुवातीला घ्या. मात्र बहुतेक मशीनमधून सर्जनला स्पर्श कळत नाही. छोटी गाठ बाहेरून दिसणार नाही, म्हणून आदल्या दिवशी एन्डोस्कोपीत क्लिप लावून घ्या.

नातेवाइकांना खर्चाचं खरं सांगा. कोरियातल्या 2016 च्या अभ्यासात रोबोट आणि साध्या दुर्बिणीत गुंतागुंत जवळपास सारखीच होती. वेळ आणि खर्च मात्र रोबोटला जास्त. संमतीपत्रातलं "गरज पडल्यास पोट उघडून" हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा, मगच सही घ्या.