मिरचीचा वाण निवडताना आधी साल बघा

तिखटपणाचा स्कोव्हिल आकडा बघूनच बहुतेक जण वाण ठरवतात. आकडा हवाच, पण मिरची कशासाठी वापरता येईल हे तिची साल ठरवते.

हालापिनो (२,५०० ते ८,००० स्कोव्हिल) जाड सालीची, रसदार. भरायला, भाजायला, व्हिनेगरमध्ये मुरवायला छान. ती अख्खी वाळत घालू नका, बाहेरून सुरकुतते आणि आत बुरशी धरते. तिखट करायचं असेल तर पातळ सालीची कायेन (३०,००० ते ५०,०००) लावा. झाडावर पूर्ण लाल झाल्यावरच देठासकट तोडून वाळवा. वाकवल्यावर कट्कन मोडली आणि आत बिया खुळखुळल्या, की दळायला तयार.

हाबानेरो १ ते ३.५ लाखांची, तरी तिला जर्दाळूसारखा सुंदर वास असतो. चौघांच्या रश्श्याला पाव मिरची पुरे. भूत जोलोकिया १० लाखांच्या घरातली. २००७ मध्ये गिनीजने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं. रोजच्या स्वयंपाकासाठी मात्र हाबानेरोच घ्यावी.

या दोघींना लागवडीत धीर लागतो. हालापिनो, कायेनचं बी २५ ते ३० अंशांत ७ ते १४ दिवसांत उगवतं; यांना दोन ते पाच आठवडेही लागतात. बी कुजलं समजून कुंडी उकरू नका. बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा, माती ओलसर ठेवा, चिखल नको. सहा पानांवर रोप आलं की १२ इंची कुंडीत हलवा.

झाड हिरवंगार पण फूल नाही, म्हणजे नत्र जास्त झालं, युरिया थांबवा. पारा ३५ अंशांवर गेला की फुलं गळतात, दुपारची सावली द्या. पानं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर बहुधा कोळी कीड. पान उलटून भिंगातून बघा, मगच फवारणी करा. दोघांचं औषध वेगळं.

तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात असतो. तो खरवडून काढला की हाबानेरोचा वास राहतो, जाळ बराच उतरतो. चिरताना हातमोजे घालाच. हाताची आग पाण्याने जात नाही. आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा.