डोंगरात जुन्या विमानाचं इंजिन दिसलं, तर आधी सिलिंडर मोजा

गेल्या फेब्रुवारीत भाच्याचा फोटो आला. तो अरुणाचलात, लोहितच्या वरच्या अंगाला, रस्त्याच्या कामावर सर्व्हेयर आहे. शेवाळ धरलेलं, अर्धं मातीत रुतलेलं एक गोल धूड, त्यावर तळहाताएवढी पाटी, आणि खाली मजकूर: "मामा, दरीत कुणाचा तरी जुना ट्रक पडलाय. फोर्डचा आहे."

हवाईदलात माझी पहिली सात वर्षं पॅकेट या मालवाहू विमानाच्या इंजिनांवर गेली. अठरा सिलिंडर, प्रत्येकाला दोन, म्हणजे एका इंजिनाला छत्तीस प्लग. ते काढून, घासून, परत लावताना बोटांची जी सालं निघाली ती विसरत नाहीत. मी फोन लावला आणि म्हटलं, "बाळा, तो ट्रक नाही. आहेस तिथेच थांब आणि सिलिंडर मोज."

त्यानंतर दोन-तीन ओळखीच्यांनीही असंच काही विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आसाम, अरुणाचल, नागालँडमध्ये नोकरीला किंवा फिरायला गेलेल्या मराठी माणसाला असं काही दिसणं फार नवलाचं नाही. १९४२ च्या एप्रिलअखेर जपान्यांनी बर्मातलं लाशिओ घेतलं, बर्मा रोड तुटला आणि चीनला माल पोचवायला आकाशच उरलं. चबुआ, दिनजान, सुकेरेटिंग, मोहनबारी, जोरहाट, तेजपूर या आसामातल्या धावपट्ट्यांवरून विमानं डोंगर ओलांडून कुनमिंगला जायची. वैमानिक या वाटेला 'हंप' म्हणायचे, म्हणजे उंटाच्या पाठीवरचा उंचवटा. नोव्हेंबर १९४५ पर्यंत साडेसहा लाख टनांच्या आसपास माल पोचला आणि ५९४ विमानं गमावली. मेलेली आणि बेपत्ता माणसं १,६५९. स्वच्छ दिवशी खाली चमकणारे अवशेष बघत चीनपर्यंत जाता येतं, असं वैमानिक म्हणायचे. त्या वाटेला त्यांनी नावच 'ॲल्युमिनियम ट्रेल' ठेवलं होतं.

तर, काय करायचं?

पहिलं म्हणजे, कशालाही हात लावू नका. माणसं गेलेली जागा आहे, हे एक कारण. दुसरं माझ्यासारख्या फिटरचं: ही मालवाहू विमानं होती आणि मालात बाँब आणि दारूगोळाही असायचा. ऐंशी वर्षांचा गंज चढलेला बाँब तुमचं वय विचारत नाही. असं काही दिसलं तर तिथून मागे फिरा आणि पोलिसांना किंवा जवळच्या लष्करी चौकीला सांगा. हाडं दिसली तरी तेच.

आता इंजिन. बहुतेक ठिकाणी तेवढंच उरलेलं असतं. पत्रा हलका, कामाचा. त्याची भांडी झाली, सुऱ्या झाल्या, कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर झालं. अर्ध्या ते एक टनाचं इंजिन कोण उचलून नेणार? ते गोल असतं, मध्ये दांडा आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर, एकामागे एक अशा दोन रांगांत. मागची रांग पुढच्याच्या फटीत बसवलेली असते, त्यामुळे सगळे मोजायला गेलात तर चुकणार. फक्त पुढची रांग मोजा आणि दुप्पट करा. सिलिंडर तुटून गेले असतील तर त्यांच्या जागची गोल भोकं मोजा, ती कुठे जात नाहीत.

सात आणि सात, म्हणजे चौदा, आले तर ते बहुधा आर-१८३० आहे. डकोटाला, म्हणजे सी-४७ ला, ही दोन असायची. बी-२४ बॉंबरला चार. त्याच बी-२४ पासून केलेल्या सी-८७ या मालवाहू आणि सी-१०९ या पेट्रोलवाहू विमानालाही चार. (सी-१०९ ला तिथली माणसं 'सी-वन-ओ-बूम' म्हणायची. यावरून काय ते समजा.) इंजिनाबरोबर एक्झॉस्टवर फिरणारा टर्बो सापडला तर डकोटा बाद. नऊ आणि नऊ, म्हणजे अठरा, आले तर आर-२८००, आणि त्या वाटेवर ते बहुतेक सी-४६ कमांडोचं. हे विमान डकोटाच्या जवळजवळ दुप्पट माल उचलायचं. १९४३ च्या उन्हाळ्यात ते तिकडे आलं तेव्हा त्याचे दोष काढून झालेले नव्हते आणि ते डोंगरावरच निघाले. मात्र आर-२८०० थंडरबोल्ट या एकाच इंजिनाच्या लढाऊ विमानालाही होतं, त्यामुळे जवळपास दुसरं इंजिन आहे का, हे शोधा.

पाटीवरच्या कारखान्याच्या नावाने फसू नका. युद्धात अमेरिकेतल्या मोटारीच्या कारखान्यांना विमानाची इंजिनं करायला लावली होती. फोर्डने आर-२८०० केली, ब्युइकने आर-१८३० केली. भाच्याचा 'ट्रक' तो हाच. पाटीवर 'आर' आणि पुढचा आकडा वाचता आला की झालं. 'आर' म्हणजे रेडियल, आकडा म्हणजे इंजिनाचं घनफळ घनइंचात.

आणखी एक खोच आहे, आणि ती मला सोडून कुणी सांगणार नाही. अठरा सिलिंडर मोजले आणि पाटीवर राइट कंपनीचं आर-३३५० निघालं, तर ते महायुद्धातल्या चार इंजिनांच्या बी-२९ बॉंबरचं असेल, नाहीतर आपल्या पॅकेटचं. स्वातंत्र्यानंतर याच डोंगरांत आपल्या हवाईदलाच्या डकोटा आणि पॅकेट विमानांनी वर्षानुवर्षं रसद टाकली आणि त्यातली काही परत आली नाहीत. म्हणजे नुसता डकोटाचा सांगाडा बघून 'अमेरिकन, १९४३' असं ठोकून देऊ नका. आपलं असेल तर त्याची माणसं कदाचित तुमच्याच तालुक्यातली असतील.

पंख्याची पाती बघा. जमिनीला लागताना इंजिन जोरात चालू असेल तर पाती टोकाशी पुढे वळतात. इंजिन मेलेलं असेल तर बहुधा मागे दुमडतात. पात्यांची धार वाऱ्याच्या दिशेला वळवलेली दिसली, तर ते इंजिन वैमानिकाने आधीच बंद केलं होतं. पण यावर गोष्ट रचू नका. ऐंशी पावसाळे, दरड, नाल्याचं पाणी, भंगारासाठी घातलेले घण, सगळ्यांनी त्या पात्याला वाकवलेलं असतं.

माल काय होता तेही बघा. पंचावन्न गॅलनचे चेपलेले ड्रम पडलेले असतील तर विमान चीनकडे चाललं होतं. परतीला विमानं हलकी असायची. कधी माणसं, कधी टंगस्टन, कथील, डुकराचे राठ केस. दिशा कळली की निम्मी यादी गळते.

आता शेपूट, खरा मुद्दा इथे आहे. इंजिनावरचा नंबर इंजिनाचा असतो, विमानाचा नव्हे. आम्ही इंजिनं बदलायचो तसे तेही बदलायचे, आमच्यापेक्षा जास्तच. आज या विमानावरचं इंजिन महिन्याने दुसऱ्यावर. विमानाची ओळख शेपटीवर रंगवलेली असते आणि अमेरिकन विमानांत ती वाचायची एक युक्ती आहे. नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे ज्या आर्थिक वर्षात विमानाची ऑर्डर दिली ते वर्ष. शेपटीवर रंगवताना त्यातला पहिला ४ गाळायचा आणि मधली रेघही. उदाहरणार्थ, ४१-१२४२० हे सी-४६ शेपटीवर ११२४२० होतं. पहिला १ म्हणजे १९४१. रंग उडाला असला तरी तिरप्या उजेडात, सकाळी किंवा बॅटरी आडवी धरून, आकड्यांच्या कडा दिसतात. दोन अक्षरं आणि तीन आकडे दिसले, जसं 'केजी' किंवा 'एफएल' आणि पुढे आकडे, तर विमान ब्रिटिश हवाईदलाचं आणि शोध वेगळ्या दिशेला.

हेच ४१-१२४२० मी मुद्दाम निवडलं. २ ऑगस्ट १९४३ ला ते चबुआहून उठलं. आत एकवीस माणसं, त्यांत एरिक सेव्हराइड हे रेडिओ बातमीदार आणि जॉन डेव्हिस हे मुत्सद्दी. नागा डोंगरांवर एक इंजिन गेलं आणि ज्यांनी आयुष्यात पॅराशूट बांधलं नव्हतं त्यांनी उड्या मारल्या. सहवैमानिक गेला, वीस जण वाचले. त्यांच्यासाठी डॉन फ्लिकिंजर नावाचा लष्करी डॉक्टर दोन मदतनिसांसह मागून स्वतः पॅराशूटने उतरला. पांगशा गावच्या नागा लोकांनी त्यांना ठेवून घेतलं आणि सगळे चालत बाहेर आले. म्हणजे सांगाड्यात माणसाची काहीच खूण नसेल, तर 'कुणीतरी नेलं असेल' म्हणण्याआधी उड्या मारल्या असतील हेही धरा. विमान रिकामंच पुढे जाऊन आदळतं आणि माणसं भलत्याच डोंगरावर उतरतात.

शेपटीचा नंबर मिळाला की कागद. १९४३ च्या मध्यापासून अमेरिकन हवाईदल बेपत्ता विमानाचा अहवाल अठ्ठेचाळीस तासांत भरायचं. हे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि बरेचसे त्यांच्या ऑनलाइन सूचीत फुकट वाचता येतात. त्यात कुठून निघालं, कुठे चाललं होतं, शेवटचा संपर्क कधी, हवा कशी होती, आत कोण, हे असतं. आणि माझ्या दृष्टीने सोन्यासारखी ओळ: त्या दिवशी त्या विमानावर बसवलेल्या इंजिनांचे नंबर. शेपूट सापडली नाही तर इंजिनावरून विमानापर्यंत जायचा हाच पूल. विमान पडल्याचं आणि कुठे पडलं हे लगेच कळलं असेल तर मात्र हा अहवाल शोधत बसू नका. त्याचा अपघात-अहवाल वेगळा असतो. तो अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाईदलाच्या इतिहास संस्थेकडे मागायचा.

अहवाल वाचताना जुनी नावं पाठ ठेवा. फोर्ट हर्ट्झ म्हणजे आजचं पुताओ. सालवीन म्हणजे चिनी नकाशातली नुजियांग. आणि माझी चूक करू नका. अक्षांश २७ अंश ३० मिनिटं दिले होते, मी मोबाइलच्या नकाशात २७.३० टाकलं. अर्धा अंश म्हणजे .५०, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी बावीस किलोमीटर दक्षिणेला तीन संध्याकाळी घालवल्या, आणि बायको रोज विचारत होती, "सापडलं का तुमचं विमान?"

अहवालातल्या जागेवर फार विसंबूही नका. ती शेवटच्या रेडिओ बोलण्याची जागा. वर वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जायचा, ढगात खालचं काही दिसायचं नाही, पंखांवर बर्फ चढायचं. माणूस बोलून झाल्यावर विमान आणखी किती वाहत गेलं हे कोण लिहून ठेवणार?

माणसं कुठे गेली हे शोधायचं असेल तर पुण्यातल्या खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत अमेरिकन नावं बघत फिरू नका. ती राष्ट्रकुलाची आहे. भारतात पुरलेले अमेरिकन युद्धानंतर हलवले, काही हवाई बेटांवर, काही त्यांच्या घरी. जे सापडलेच नाहीत त्यांची नावं मनिलाच्या अमेरिकन स्मशानभूमीतल्या भिंतींवर आहेत. ब्रिटिश हवाईदलातले बेपत्ता सिंगापूरच्या स्मारकावर. अवशेष एकमेकांपासून वेगळे करता आले नाहीत तर सगळ्यांना एकत्र पुरायचे. मणिपुरात २४ मार्च १९४४ ला पडलेल्या बी-२५ मध्ये जनरल विंगेट होते. ब्रिटिश सेनापती असूनही ते बरोबरच्या अमेरिकनांसह आर्लिंग्टनला आहेत.

नंबर जुळला असं वाटलं तरी कुटुंबाला परस्पर कळवायला जाऊ नका. अहवालात नातेवाइकांचे पत्ते असतात, हात शिवशिवतात. ते काम डीपीएए या अमेरिकन संस्थेचं. ती जागा खणते, अवशेष तपासते, मग नाव सांगते. २५ जानेवारी १९४४ ला पडलेलं बी-२४ 'हॉट ॲज हेल' अरुणाचलातल्या दामरोजवळ २००६ मध्ये क्लेटन कूल्स या अमेरिकन शोधकाला सापडलं. तिथले अवशेष सरकारी मार्गाने अमेरिकेला रवाना व्हायला २०१६ उजाडलं. घाई करणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. याच कूल्स यांच्या पथकाने जानेवारी १९४५ च्या वादळात तेरा माणसांसह हरवलेलं सी-४६ डिसेंबर २०२१ मध्ये बर्फातल्या माथ्यावर शोधलं आणि शेपटीच्या नंबरावरून ओळखलं. त्या शोधात आधी तीन स्थानिक वाटाडे सप्टेंबरातल्या बर्फाच्या वादळात गारठून गेले. तेव्हा इनर लाइन परमिट काढलं, बूट घेतले, आता निघू, असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. गावबुढ्याला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, विचारा. तो नको म्हणाला तर नको. फक्त बघायचंच असेल तर पासीघाटला हंप संग्रहालय आहे, २०२३ मध्ये उघडलेलं.

भाच्याचं इंजिन अठरा सिलिंडरचं, आर-२८००. दुसरं इंजिन नाल्यात पन्नास पावलांवर निघालं, म्हणजे लढाऊ विमान नाही. चेपलेले ड्रमही आहेत. शेपूट नाही, गावातल्या म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या आज्याच्या वेळी तिचे पत्रे उतरवले. पाटीवरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे झिजलेत आणि फोटोत ३ की ८ ते ठरत नाही. माझ्या वहीत तीन विमानं उरलीत.

पाऊस संपला की तो परत जाणार आहे. त्याला सांगितलंय: तारेचा ब्रश नेऊ नकोस, उरलेलंही घासून काढशील. पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश ने. पाटी कोरडी कर, वर पतंगाचा कागद धर आणि सहा-बी शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घास. तीन ठसे घे. इंजिन तिथेच राहू दे.