वीस वर्षांचं वाहतूक धोरण लिहायला बसलात? मग गाडीची जागा आधी ठरवा

पुण्यात 'गाडी' म्हणजे दुचाकी. चारचाकीला वेगळं 'फोर व्हीलर' म्हणावं लागतं, यातच काय ते आलं. तरीपण वाहतुकीचं लांबचं काही लिहायला घेतलं की मेट्रो येते, उड्डाणपूल येतात, सायकल ट्रॅक येतो, आणि दुचाकीच्या वाट्याला शेवटच्या पानावर 'हेल्मेट वापरा' एवढंच. तुमच्या सोसायटीच्या नाहीतर वॉर्डातल्या ग्रुपतर्फे महापालिकेला हरकती-सूचना द्यायच्या असतील तर मी कसं करतो ते सांगतो, उदाहरण पुण्याचंच, रोज तेच अंगावर येतं.

आधी मोजा. वाहनं नाही, माणसं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच लिहिलंय की रस्त्याची जागा वाटताना माणसांचा विचार करा, वाहनांचा नको. मंगळवार किंवा बुधवार धरा, सकाळी नऊ ते दहा, चौकाच्या एकाच बाजूला दोघं उभे राहा, वहीत रकाने पाडा: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, कार, बस. दुचाकीच्या रकान्यात एकटा, डबलसीट आणि 'मधे पोरगं दप्तरासकट' असे तीन भाग करा, नाहीतर आकडा खोटा येतो. बसमधली डोकी मोजता येत नाहीत, तिथं रिकामी, भरलेली आणि दारात लटकलेली एवढ्यावर भागवा. एका भरल्या बसशेजारी दुचाकीच्या किती रेघा लागल्या ते घरी येऊन बघा, निम्मं धोरण तिथंच सुचतं.

दुसरं, लोक गाडीवर का बसतात याचा हिशोब मांडा, उपदेश नको. ऑफिस आठ किलोमीटरवर आहे असं धरू. पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी आणि शंभराच्या वरचं पेट्रोल, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये, एकूण सोळा-सतरा. पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, २०२५ च्या जूनपासूनचं तिकीट पाच ते दहा किलोमीटरला वीस. नवरा-बायको डबलसीट गेले तर सोळातच काम, बसनं चाळीस, वर स्टॉपवर ताटकळणं वेगळंच. मेंटेनन्स, इन्शुरन्स, गाडीचा हप्ता कोण धरतंय सकाळी सकाळी? म्हणून 'लोकांची मानसिकता बदलायला हवी' हे वाक्य मसुद्यात दिसलं की मी सरळ काट मारतो.

आता मुख्य गोष्ट, क्रम. आधी बस, मग पार्किंगचे पैसे. उलटं केलं की काय होतं ते २०१८ ला बघितलंय, पार्किंग धोरण मुख्य सभेत आलं आणि केवढा गदारोळ, शेवटी पाच रस्त्यांपुरतं करू म्हणाले आणि रस्त्यावर काही ते धड उतरलं नाही. केंद्राच्या निकषात लाख लोकसंख्येला साठ बस ही चांगली पातळी धरलीय. तुमच्या शहरात किती ते काढा आणि वर्षाला किती वाढवणार ते लिहून मागा. साठ होईपर्यंत मेट्रो स्टेशनपर्यंत न्यायला गाडी लागणारच, तर तिला शत्रू न मानता फीडर, म्हणजे मेट्रोपर्यंत माणसं आणून पोचवणारी, माना आणि स्टेशनखाली स्वस्त, छपराचं दुचाकी पार्किंग मागा. मध्यवस्तीत पूर्ण दिवस गाडी लावायची असेल तर मात्र पैसे. कारला जास्त, पण दुचाकीला फुकट नाही. बांधकाम नियमात कारची जागा अडीच बाय पाच मीटर, दुचाकीची एक बाय दोन, म्हणजे एका कारच्या जागेत सहा गाड्या, दरही त्याच हिशोबानं ठेवा, भांडायला कुणाला जागा राहत नाही.

आणि ही जागा रस्त्यावर आखून घ्या, फुटपाथवर नाही. बोलार्ड, म्हणजे फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून ठोकलेले आखूड खांब, लावून प्रश्न सुटेल असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटायचं. पण व्हीलचेअर जायला दोन बोलार्डमधे नव्वद सेंटिमीटर तरी सोडावे लागतात आणि तेवढ्यातून स्कूटर आरामात निघते, हॉर्न वाजवत. म्हणजे गाडीला रस्त्यात जागा दिली आणि चौकात पोलीस ठेवला तरच आजोबा फुटपाथवरून चालणार.

सुरक्षिततेला एक अख्खं पान द्या. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात ४४ टक्क्यांच्या वर दुचाकीवरची. हेल्मेट हवंच, पण त्यासोबत वर आलेली चेंबरची झाकणं, पावसात निसरडे होणारे पट्टे, रात्री न दिसणारे डिव्हायडर यांची रस्त्यानुसार यादी जोडा, फोटोसकट.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात, धूर जातो, जागा तेवढीच लागते. बाइक टॅक्सी राज्यानं २०२५ मधे फक्त इलेक्ट्रिकलाच मंजूर केलीय. गोव्यात पिवळ्या-काळ्या गाडीवरचे पायलट कित्येक वर्षं परवान्यावर हेच काम करतायत, त्यामुळे हे काही आकाशातून पडलेलं नाही, आपल्या मसुद्यात बाइक टॅक्सीला स्टेशनबाहेर स्टँड मागा म्हणजे झालं.

मसुदा चार पानांच्या वर नको. देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मोजणीची वही मात्र जपून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच चौकात परत उभं राहायचंय.