इम्पर्फेक्तोच्या पेपराआधी: तीन क्रियापदं आणि 'आम्ही'चं रूप

देले ए२ ही स्पॅनिशची परीक्षा असो की क्लासची टेस्ट, स्पॅनिशमधल्या इम्पर्फेक्तोचा, म्हणजे सवय आणि वर्णन सांगणाऱ्या भूतकाळाचा, अभ्यास फार नाही. तरी मार्क जातात. माझे मागच्या वेळी गेले ते एकाच जागी: 'आम्ही'च्या रूपावरचा अ‍ॅक्सेंट, म्हणजे स्वरावरची तिरकी खूण. बाकी काही राहिलं तर राहू दे, हा राहता कामा नये.

आठवडाभर आधी नियमित क्रियापदं उरकून घ्या. 'आर'नं संपणाऱ्यांना आबा, 'एर' आणि 'इर'नं संपणाऱ्यांना ईआ. येत असेल तर इथे वेळ घालवू नका. अनियमित तीनच आहेत: सेर (असणे), इर (जाणे) आणि बेर (बघणे). चौथं शोधत बसू नका. तेनेर, केरेर, पोदेर, दोर्मिर ही वर्तमानकाळात स्वर बदलून छळणारी मंडळी इथे सरळ चालतात: तेनीआ, केरीआ, पोदीआ, दोर्मीआ. 'तिएनीआ' असं रूप नाही, कृपा करून लिहू नका. एस्तारही नियमित, एस्ताबा.

आता ती तीन, आणि ती हातानं लिहायची. सेर: एरा, एरास, एरा, एरामोस, एराइस, एरान. इर: ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान. बेर: बेईआ, बेईआस, बेईआ, बेईआमोस, बेईआइस, बेईआन. मोबाइलवर सराव करू नका. तिथे अ‍ॅक्सेंट आपोआप पडतो आणि हाताला सवय लागत नाही. पेपरात अ‍ॅक्सेंट कोणी टाकून देत नाही.

सेर आणि इरच्या सहा-सहा रूपांत अ‍ॅक्सेंट एकाच रूपावर आहे, 'आम्ही'च्या. एरामोसमध्ये सुरुवातीच्या ए-वर, ईबामोसमध्ये सुरुवातीच्या ई-वर. पाच रूपं कोरी लिहिल्यावर सहावंही कोरंच लिहिलं जातं, म्हणून हे वेगळं घोकायचं. कारण साधं आहे. शब्द स्वर, एन किंवा एसनं संपला की आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. खूण नसेल तर वाचणारा 'रा'वर आणि 'बा'वर जोर देईल. आपल्याला तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर हवा आहे, आणि तसा आघात असलेल्या प्रत्येक शब्दाला स्पॅनिशमध्ये अ‍ॅक्सेंट द्यावाच लागतो. नियमित क्रियापदांचंही तेच: आब्लाबामोसमध्ये 'बा'आधीच्या 'ला'वर अ‍ॅक्सेंट आहे. वाक्य 'ईबामोस'नं सुरू झालं तर कॅपिटल आयवरही द्यायचा. कॅपिटलला लागत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सरावाला एक वाक्य पुरेसं आहे: 'क्वान्दो एरामोस चिकोस, ईबामोस आ ला प्लाया इ बेईआमोस लोस बार्कोस.' लहान होतो तेव्हा समुद्रावर जायचो आणि बोटी बघायचो. तिन्ही अनियमित क्रियापदं, तिन्ही 'आम्ही'ची, तीन अ‍ॅक्सेंट. रोज कोऱ्या कागदावर लिहा आणि खुणा मोजा. दोनच भरल्या तर पुन्हा लिहा.

दोन-तीन दिवस आधी स्पेलिंग बघा. ईबा 'बी'नं लिहायचा, लॅटिनपासूनच तो तसा आहे. बी आणि व्हीचा उच्चार स्पॅनिशमध्ये सारखाच, त्यामुळे कान मदत करत नाही. व्हीनं लिहिलेली हीच तीन अक्षरं कॅपिटलमध्ये म्हणजे स्पेनमधला मूल्यवर्धित कर. बेरचं उलट, तो व्हीनं. जुन्या स्पॅनिशमध्ये हे क्रियापद 'बेएर' होतं, त्यातला ए इथे टिकून आहे. तो गाळलात तर 'बीआ' उरतं, आणि ते मार्ग किंवा रेल्वेचा रूळ या अर्थाचं नाम आहे. बेईआच्या सगळ्या रूपांत ई-वर अ‍ॅक्सेंट, तिथे निवड करायची नाही. प्रेबेरही बेरसारखंच चालतं: प्रेबेईआ.

मराठीभाषकांनी एक जपावं. आपण 'जायचो' म्हटलं की 'मी' किंवा 'आम्ही', आणि 'मी' असेल तर बोलणारा पुरुष, एवढं कळतं. नुसत्या 'ईबा'वरून मी, तो, ती की आदरार्थी 'आपण', काहीच कळत नाही. संदर्भ स्पष्ट नसेल तर 'यो' (मी) किंवा 'एया' (ती) लिहा. आपला 'होतो'ही फसवतो: स्वभाव, व्यवसाय यांना एरा, कुठे होतो, कोणत्या अवस्थेत होतो याला एस्ताबा.

आदल्या दिवशी 'अबीआ'. मुलं कितीही असोत, 'होती' या अर्थी अबीआच, 'अबीआन' नाही. मग इन्देफिनिदो या दुसऱ्या भूतकाळाशी गाठ: सवय, वर्णन, पार्श्वभूमी असेल तर इम्पर्फेक्तो, एकदाच घडून संपलं तर इन्देफिनिदो. तिथे सेर आणि इर दोघांचं 'फुई' होतं, इथे दोघं वेगळे. 'ईबा आ'पुढे मूळ क्रियापद आलं की 'करणार होतो'. 'बोसोत्रोस'ची (अनेकवचनी 'तुम्ही'ची) रूपं स्पेनपुरती, पण देलेच्या मजकुरात दिसली तर ओळखता आली पाहिजेत. एराइस आणि ईबाइसला अ‍ॅक्सेंट नाही, बेईआइसला आहे.

पेपरात शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि 'मोस'नं संपणारं प्रत्येक क्रियापद बोटानं शोधा. इम्पर्फेक्तोत असेल तर खूण हवी. मग बी-व्ही, मग अबीआ. तोंडी परीक्षेत जोर 'ए'वर आणि 'ई'वर द्या, बाकीचं ओघात येईल.