पोटात पाणी झालंय? मग या चुका टाळा

लिव्हरच्या वॉर्डात काम करताना एक दृश्य सारखं दिसतं. पेशंटचं पोट टम्म फुगलेलं आणि उशाशी मोजून ठेवलेली अर्धी बाटली पाणी. 'पोटात पाणी झालंय ना, म्हणून पाणी तोडलंय,' असं घरचे सांगतात. वरवर हे पटतंही, पण तोडायचं असतं ते मीठ. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, रक्ताभिसरण बिघडतं आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात. मिठामागे पाणीही थांबतं. म्हणून दिवसभराचं सगळं मिळून मीठ साधारण 5 ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. पाण्यावर बंधन येतं ते सहसा रक्तातलं सोडियम 125 mEq/L (रिपोर्टवर लिहिलेलं एकक) च्या खाली गेल्यावर, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

मिठाबाबतही लोक घाई करतात. एका गृहस्थांच्या घरी मिठाची बरणी कपाटात गेली होती, पण पाकिटातलं सूप, सॉस आणि ब्रेड चालूच होता. वजन वाढत राहिलं. मग कुणीतरी 'कमी सोडियमचं मीठ' सुचवलं. त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. हे गृहस्थ स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी घेत होते आणि ती गोळी पोटॅशियम शरीरात अडवून ठेवते. ते आले तेव्हा हातपाय गळाले होते, नाडी मंद होती, ईसीजी बिघडला होता. आयसीयूत ठेवावं लागलं, वाचले. त्यांच्या पत्नीने सगळं काळजीपोटीच केलं होतं. माझा राग आहे तो गोळी लिहून देताना या मिठाबद्दल चकार शब्द न काढणाऱ्यांवर. मी प्रत्येक घराला हेच सांगते: पाकीट उलटं करून सोडियमचा आकडा वाचा, त्याला अडीचने गुणा, तेवढं मीठ त्यात आहे. चवीला लिंबू, मिरी, लसूण वापरा. पर्यायी मीठ आणूच नका.

लघवीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवू नका. 'पोट उतरत नाही, म्हणून आज दोन घेतल्या' हे ऐकलं की मला धडकीच भरते. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलोपर्यंत वजन उतरणं पुरे. त्याहून घाई केली की मूत्रपिंडांवर ताण येतो. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. पोटाच्या घेराच्या टेपपेक्षा माझा या वहीवर जास्त भरवसा आहे. उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. अंगदुखीसाठी यांतली एक गोळीसुद्धा नको.

प्रथिनं बंद करू नका. स्नायू आधीच झडत असतात. झोपण्यापूर्वी थोडं खा, रात्रभर उपाशी राहू नका.

दारू पूर्ण बंद. 'थोडी चालते का' याचं उत्तर नाही असंच आहे.

शेवटी, ज्या भीतीने मी सगळ्यात जास्त नुकसान झालेलं पाहिलं ती: 'एकदा पाणी काढलं की सारखं काढावं लागतं.' पाणी परत भरतं ते मूळ आजारामुळे, सुईमुळे नाही. पोट पहिल्यांदा फुगतं तेव्हा थोडं पाणी काढून तपासायलाच हवं, कारण सिरॉसिस हे सगळ्यात मोठं कारण असलं तरी हृदयविकार, क्षयरोग, कर्करोग यांतही पाणी होतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. त्या पाण्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी घन मिलिमीटरला 250 किंवा त्याहून जास्त निघाल्या तर जंतुसंसर्ग धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. हा संसर्ग कधीकधी ना ताप देतो ना दुखणं, माणूस फक्त गुंगीत दिसतो. सिरॉसिसमध्ये एका वेळी 5 लिटरहून जास्त पाणी काढलं तर शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) द्यावं लागतं. ते देणार का, हे आधीच विचारा. आणि ताप, पोटदुखी, बडबड किंवा गुंगी, काळी शौच, रक्ताची उलटी, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.