यादीत नाव नसलेल्यांपर्यंत: बेळगाव सीमाभागात आरोग्य संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एम.एस.डब्ल्यू., बी.एस्सी. नर्सिंग, बी.ए.एम.एस. किंवा एम.पी.एच. झालेली आपल्या भागातली मुलंमुली हल्ली बरेचदा विचारतात, बेळगावात आरोग्य संशोधनाच्या प्रकल्पांत काम मिळतं का, आणि मिळालं तर नेमकं काय करायचं असतं? काम मिळतं. पदांचं पुढे लिहितेच, पण आधी काम समजून घ्या. या क्षेत्रात सगळ्यांत मोलाचं कौशल्य कोणतं, असं मला विचाराल तर हातात आलेल्या यादीत कोण नाही हे ओळखणं, हेच माझं उत्तर आहे.

गावपातळीवरचा प्रत्येक अभ्यास यादीपासून सुरू होतो. आशाताईंचं रजिस्टर, अंगणवाडीचा सर्व्हे, तायी कार्डांच्या (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या नोंदणीकार्डांच्या) नोंदी, मतदारयादी. पण आरोग्ययंत्रणा ज्यांच्यापर्यंत एकदा तरी पोचली आहे, त्यांचीच नावं या याद्यांत असतात. आणि आपण शोधायला निघालेलो असतो ते ज्यांच्यापर्यंत ती पोचलेली नाही त्यांना. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत जाऊन बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून तोच अभ्यास केला असता तर ते दुखणं कागदावर आलंच नसतं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा अभ्यास वाचायला सांगते.

सरासरीचंही तसंच. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचं प्रमाण महाराष्ट्रात ३३ होतं आणि कर्नाटकात ६९. कर्नाटकातली निपाणी आणि महाराष्ट्रातलं कागल यांच्यामध्ये हायवेचा एक छोटा पट्टा. दोन्हीकडची भाषा एक, जेवण एक, सोयरीक एकमेकांत. पण बाई कुठल्या बाजूला मोजली जाते त्यावर ती कुठल्या आकड्यात जाणार हे ठरतं. शिवाय बेळगाव जिल्हा २०११ च्या जनगणनेतच सुमारे ४८ लाखांचा. अथणी-चिकोडीचा उसाचा पट्टा आणि खानापूरचं जंगल यांची एकच सरासरी काढली तर ती दोघांबद्दलही खरं सांगत नाही.

आता यादीतून सुटतात कोण ते सांगते. सर्वांत जास्त सुटतात त्या माहेरी आलेल्या लेकी. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मुली महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागलला दिलेल्या असतात, तिकडच्या इकडे आलेल्या असतात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अजून पक्की आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. तिची नोंद सासरच्या आशाताईंकडे, कार्ड एका राज्याचं, बाळंतपण दुसऱ्या राज्यात. बाळाचं वजन, रक्तस्राव, टाके, पहिल्या आठवड्यातला ताप, ज्या गोष्टींसाठी आपण वर्षभर राबतो त्या सगळ्या नेमक्या या मधल्या फटीत घडतात. पुढे अहवालात तिच्या नावासमोर ‘संपर्क तुटला’ एवढंच येतं. तिचा संपर्क कुणाशीही तुटलेला नसतो, ती आपल्या आईजवळ असते.

यावर उपाय साधा आहे, पण पहिल्या भेटीतच करावा लागतो. नाव नोंदवताना तीन फोन नंबर घ्या: तिचा किंवा नवऱ्याचा, माहेरचा, आणि शेजारच्या किराणा दुकानाचा किंवा अंगणवाडीबाईंचा. डोहाळजेवण कधी ठरलंय ते विचारा आणि ती तारीख फॉर्मच्या समासात लिहा. फॉर्ममध्ये तसा रकाना नसेल तर मुख्य संशोधकांना सांगून तो घालून घ्या. माहेरच्या गावच्या आशाताईंना आधीच फोन करून ठेवा. राज्य वेगळं असलं तरी त्या मदत करतात, आणि बहुतेक वेळा त्या कुणाच्या तरी नात्यातल्याच निघतात.

उपचारांची वाटही अशीच सीमेपलीकडे जाते. निपाणीकडची माणसं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मिरजेला जातात. खानापूरकडची बेळगावला, नाहीतर थेट गोव्यात बांबोळीला. गोवा मेडिकल कॉलेजात जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा कितीतरी घरांचं गणित बदललं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचं ठरवलं आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. यातली कुठली बाजू बरोबर हे ठरवणं संशोधकाचं काम नाही. पण रुग्णाने कुठे जायचं ठरवलं आणि का, हे मात्र खोलवर विचारा. ‘शेवटचे उपचार कुठे घेतले?’ एवढा एक प्रश्न पुरत नाही. आधी कुठे गेलात, तिथून पुढे कुणी पाठवलं, गाडी कुणाची, पैसे कुणाकडून आणले, कार्ड चाललं का, हे क्रमाने विचारावं लागतं. बहुतेक घरांत सगळे कागद एका कॅरीबॅगमध्ये असतात. ते मागून घ्या, डिस्चार्ज कार्ड स्वतः वाचा आणि होते त्याच क्रमाने परत ठेवा. त्या कागदांवर त्यांचा पुढचा उपचार अवलंबून असतो.

खानापूरच्या जंगलातल्या गावांचा प्रश्न वेगळा. भीमगड अभयारण्याच्या आतली आमगाव, गवाळी, कोंगळा, कृष्णापूर ही गावं पावसाळ्यात तुटल्यासारखीच असतात. आजारी माणसाला डोलीत किंवा बाजल्यावर घालून, ओढे ओलांडत रस्त्यापर्यंत आणायचं. आरोग्य उपकेंद्राचा सरकारी निकष सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक असा आहे. हा निकष माणसं मोजतो, वाट मोजत नाही. चार वाड्या मिळून पाचशे माणसं आणि मध्ये दुथडी वाहणारी नदी, याचं उत्तर त्यात नाही. गवळी धनगरांचे वाडे, सिद्दी कुटुंबांच्या वस्त्या यांची घरं विखुरलेली. नमुना निवडताना ‘दर पाचवं घर’ हा नियम इथे चालत नाही, कारण पाचवं घर पुढच्या टेकडीवर असतं आणि थकलेला माणूस जवळचंच घर निवडतो. म्हणून आधी एक दिवस फक्त नकाशा काढायला जा. गावातली शाळकरी मुलं हे काम फार चोख करून देतात. वनखात्याची परवानगी आधी घ्या, जूनच्या आत पहिली फेरी संपवा, आणि जमेल तिथे मुक्काम करा. संध्याकाळी चुलीजवळ जे कळतं ते दुपारी बारा वाजता दारात उभं राहून कळत नाही. नेटवर्क नसतं, त्यामुळे टॅबवरचा फॉर्म ऑफलाइन चालतो का हे निघण्याआधी तपासा आणि कागदी फॉर्मही सोबत ठेवा.

ऊसतोड टोळ्यांबद्दल तर अजून पुरेसं कामच झालेलं नाही, आणि मला त्याची कळकळ वाटते. दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या परिसरात कोपी, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्या, उभ्या राहतात. कुणी बीडकडचे, कुणी विजापूरकडचे. इथल्या आशाताईंच्या यादीत ते नसतात, कारण ते इथले नाहीत. गावच्या यादीत असतात, पण त्या महिन्यांत गावात नसतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कितीतरी जणींचा हंगाम आपल्याच बाजूच्या फडात जात असेल. त्यांच्यात काम करायचं असेल तर टोळी आणणाऱ्या मुकादमाशी बोलावं लागतं, पण मुलाखत त्याच्यासमोर घ्यायची नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली बाई मुकादमाच्या देखत दुखणं सांगणार नाही. पहाटे टोळी फडात जायच्या आधी किंवा गाडी खाली करून आल्यावर, बायका भाकरी थापत असतात तेव्हा जा. हेच भान सौंदत्तीकडच्या माजी देवदासी बायकांच्या बाबतीत दुपटीने ठेवायचं. १९८२ च्या कायद्याने प्रथेवर बंदी आली तरी घराच्या दारात उभं राहून मोठ्याने प्रकल्पाचं नाव घेतलं की शेजारी कान देतात. बायका पुढच्या वेळी दार उघडत नाहीत.

संमतीपत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथेच घाई करतो. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती द्यायची. आपल्या भागात कन्नड आणि मराठी दोन्ही प्रती हव्यातच, आणि मराठीही पुण्याच्या पुस्तकातली नको. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार आणि अंगठा. पण खरी संमती त्या कागदाच्या आधी होते. पहिला प्रश्न बहुधा असा येतो: ‘ह्या कागदावर सही केली की काय गावणार?’ दुसरा: ‘रगत घेऊन कुठं नेताय?’ दोन्हींची उत्तरं सरळ द्या. योजना नाही, पैसे नाहीत, कार्ड नाही. रक्त अमुक प्रयोगशाळेत जाईल, अमुक तपासणी होईल, निकाल तुम्हाला अमुक दिवशी कळवू. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात आणि ‘घ्या हो, ती काय म्हणतीय’ असं सांगून मोकळ्या होतात. त्यांना मान द्या, चहा घ्या, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा, पण उत्तर सुनेकडूनच घ्या. सून गप्प राहिली तर ती संमती नव्हे. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत भेटा. आणि कुणी नको म्हटलं तर नकोच. त्या घराचा राग मनात धरू नका, आशाताईंकरवी दडपणही आणू नका.

घरी गेल्यावर काय सापडू शकतं याची तयारी आधीच हवी. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली किंवा बीपी १६०/११० लागलं तर आकडा टॅबमध्ये भरून पुढच्या घरी जायचं नसतं. कुणाला फोन करायचा, १०८ रुग्णवाहिका कुठपर्यंत येते, कुठल्या दवाखान्यात रक्त चढवण्याची सोय आहे, हे कागदावर लिहून पिशवीत ठेवलेलं असावं. प्रकल्पाच्या आराखड्यात ही सोय नसेल तर नेमणूक घेतानाच विचारा.

या कामातून काय होऊ शकतं याचं आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत २००२ ते २००५ या काळात १,६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी झाली. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, टोचावं लागतं. ही गोळी साध्या हवेत टिकते आणि तोंडाने घेता येते. ती दिली उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनी, म्हणजे एएनएमनी. ज्यांना गोळी दिली त्यांच्यात जास्त रक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के होतं, बाकीच्यांत १२ टक्के. २००६ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. हा अभ्यास मला प्रिय आहे तो त्यातल्या प्रश्नामुळे. फ्रीज नसलेल्या, रात्री वीज गेलेल्या ठिकाणी एकटी नर्सबाई काय करू शकेल, इथून तो सुरू झाला होता.

निकाल गावाला परत सांगणं हा भाग बजेटमध्ये सहसा शेवटी असतो आणि तोच आधी कापला जातो. तो वाचवा. ग्रामपंचायतीत किंवा स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचतगटाच्या) बैठकीत, नावं न घेता, त्या गावाचेच आकडे सांगा. निम्म्या बायकांच्या अंगात रक्त कमी आहे असं कळल्यावर बायका कारणांची चर्चा स्वतःच सुरू करतात: लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात कधी असतात, कधी नसतात, गोळीने मळमळतं म्हणून कोण पुरून टाकतं, लावणीच्या दिवसांत दुपारचं जेवण कसं चुकतं. पुढच्या अभ्यासाचा प्रश्न तिथेच तयार होतो. बेळगावातल्या विणकरांच्या वडगाव-शहापुरात असो की निपाणीच्या विडी कामगार बायकांत, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आता नोकरीचं. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचं संशोधन केंद्र, काहेर विद्यापीठ, सरकारी मेडिकल कॉलेज बिम्स आणि आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था ही विचारायची ठिकाणं. सुरुवात फील्ड असिस्टंट किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून होते. पुढे सुपरवायझर, मग कोऑर्डिनेटर. नेमणुका प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. प्रकल्प संपायच्या सहा महिने आधीपासून पुढचं बघायला लागा. एमबीबीएस, बीडीएसच्या विद्यार्थ्यांना आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती आहे, तिच्यासाठी दुसऱ्या वर्षापासूनच मार्गदर्शक शोधा. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांचं, प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं, ते अर्जाआधीच करून ठेवा. दुचाकी चालवता आली पाहिजे. शोधनिबंधात नाव येणार की आभारांत, हे पहिल्याच महिन्यात नम्रपणे विचारून घ्या. विचारण्यात काही गैर नाही.

आणि कन्नड शिका, निदान वाचण्यापुरती. आपल्या मुलामुलींना बोलायची थोडी सवय असते, पण उपकेंद्राची रजिस्टरं, तायी कार्ड, सरकारी आदेश सगळं कन्नडात असतं. ते वाचता आलं की नर्सबाईंना दर वेळी हातातलं काम सोडून तुम्हाला नोंदी वाचून दाखवाव्या लागत नाहीत, आणि कोण सुटलंय हे तुम्हालाच दिसायला लागतं. अक्षरं महिन्याभरात येतात. अर्ज करून वाट पाहत असाल तर तो महिना त्यालाच द्या.